दवाखान्यातली पंगत

माझी सून उज्वला डोक्यानं तेज हाय हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी तिनं दवाखान्यात जे केलं ना, ते आठवलं तरी मला अजून एका जागी बसवत नाय. सांगते, मधे कुणी बोलू नका.

माझी नात वेदिका आठ वर्षांची. तिला ऑटिझम हाय. बोलत नाय, पण समजतं सगळं. दोन-चार दिवस पोरगी सारखी कानावर थापडा मारून घेत होती. कान दाखवायचा म्हणजे दवाखाना आला, अन् मागच्या वेळी एका दवाखान्यात चौघांनी तिला दाबून धरलं होतं. एकेकाला झोडून काढावं असं वाटलं होतं मला. तेव्हापासून दवाखान्याचं दार दिसलं की ती किंचाळते.

या वेळी उज्वला, मी अन् आमचे हे, म्हणजे नाना, पोरीला घेऊन गंगापूर रोडला डॉक्टर शौनकांकडं गेलो. माणूस सरळ. म्हणाले, "आज कान बघू दिला नाही तर भूल देऊनच बघावा लागेल." उज्वलाचं तोंड पांढरंफटक पडलं. वेदिका दारातच फतकल मारून बसलेली, कोणी जवळ गेलं की ओरडायची.

तेवढ्यात उज्वला म्हणते, "आई, खाली मांडी घाला. नाना, तुम्हीपण, रांगेत." म्हटलं हिचं डोकं फिरलं की काय. पण बसले, अन् मग उमगलं. गावाकडं नामपूरला लग्नाकार्यात वेदिका पंगतीत मीठ वाढते. एक पान चुकवत नाय, अन् सगळ्यांना मिळाल्याशिवाय स्वतः जेवायला बसत नाय.

"डॉक्टर, ओळीनं सगळ्यांचे कान बघा," उज्वला म्हणाली.

डॉक्टर बॅटरी घेऊन गुडघ्यावर बसले. आधी माझा कान, मग आमच्या ह्यांचा. त्यात माझं बोलणं कधी शिरलं नाय, तिथं बॅटरी काय शिरणार! मग नर्सबाई बसल्या. वेदिकाचं ओरडणं थांबलं. सरकत सरकत आली अन् रांगेच्या टोकाला बसली.

डॉक्टरांनी हात पुढं केला तर तिनं मान वळवली अन् त्यांच्याकडंच बोट केलं. त्यांचा कान राहिला होता ना! नर्सबाईंनी बॅटरी घेऊन त्यांचा कान बघितला. मग आमच्या वेदिकानं आपणहून मान कलती केली. कुणी धरलं नाय, कुणी दाबलं नाय.

"कान आतून पिकलाय. औषधानं बरा होईल, भूल नको," डॉक्टर म्हणाले. मला तर पेढे वाटावेसे वाटले. आमचे हे टाळ्या पिटायला निघाले, मी हात धरला. आवाजानं पोर बिथरली असती.

"चल राणी, झालं," उज्वला म्हणाली. पण वेदिका उठेना. तिनं आईचा पदर ओढला, तिला शेजारी खाली बसवलं अन् डॉक्टरांकडं बघत राहिली.

उज्वलाचा कान राहिला होता, ती रांगेत बसलीच नव्हती. आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाय.

डॉक्टर पुन्हा गुडघ्यावर बसले, तिचाही कान नीट बघितला अन् हळूच विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना?" उज्वला तिथंच फरशीवर ढसाढसा रडली. मग कुठं वेदिका उठली अन् चपला घालायला गेली.