ओल्या कपड्यांची पाळी

चारुदत्तकाका बँकेत अकाउंट्स बघायचे. सिंगापुरात पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, होऊन त्यांना खूप वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. हौगांग भागातल्या जुन्या ब्लॉकमध्ये ऐसपैस फ्लॅट होता, आणि तिथं त्यांनी न् सरोजिनीकाकूंनी एक वेगळंच घर मांडलं होतं. भाडेकरू नकोत, घरचे हवेत. आधी नोकरीसाठी इथं आलेले शैलेंद्र आणि विनीता राहायला आले, मग २०१४ मध्ये मी. चूल एक, कामं वाटून, आणि नियम एवढाच की इथं पाहुणा कुणी नाही.

पहिल्या दिवशी मी बिनदिक्कत चहा मागितला. काकूंनी पातेलं कुठं असतं ते दाखवलं. आमच्या उमरग्यात असं झालं असतं तर बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक पंगतीत त्याची चर्चा झाली असती.

कपडे धुणं-वाळवणं काकांकडे. पुढच्या वर्षी काकू गेल्या, आणि काकांची पाळी रेंगाळायला लागली. धुतलेले कपडे मशीनमध्येच पडून राहायचे. इथल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत त्यांना कुबट वास सुटायचा. विनीता ते गुपचूप परत धुवायची. काकांना कोण बोलणार?

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. काका भाजी चिरायला बसले की विनीता सुरी काढून घ्यायची. "काका, तुम्ही बसा हो." ताट उचलायला गेले की शैलेंद्र पुढे. पहिली गरम पोळी काकांना. मीसुद्धा लोटांगण घालायचंच बाकी ठेवलं होतं. काका मुकाट्यानं जेवायचे आणि खोलीत जायचे.

एका रविवारी जेवण झाल्यावर ते म्हणाले, "सेंगकांगला एक खोली बघितलीय. मी तिकडं जातो. हे घर तुम्ही चालवा."

विनीताचा चेहरा पडला. "आमचं काही चुकलं का, काका? काही कमी पडलं?"

"कमी कसलं! वाढून देता, उष्टं काढता. जावयाचंसुद्धा इतकं होत नाही." काका जरा हसले. "पण मी पाहुणा झालोय गं. आणि पाहुण्यानं किती दिवस राहायचं?"

मला सुचलं ते असं.

"काका, जायचं तर जा. पण काल दुपारचे कपडे अजून मशीनमध्ये आहेत. वास मारतोय. उद्या माझी मीटिंग आहे आणि शर्ट त्यातच आहे."

शैलेंद्रनं टेबलाखालून लाथ घातली. चांगलीच लागली. काका उठले आणि त्यांनी मशीन पुन्हा लावलं.

मशीन थांबल्यावर मी मागोमाग गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, भिंतीत लोखंडी नळकांड्या होत्या. बांबूला कपडे ओवायचे आणि तो बाहेर काढून त्याचं टोक नळकांडीत बसवायचं. काकांनी एकट्यानं भरलेला बांबू उचलला. तो गदगदा हलला. त्यांनी तो आत घेतला, दम खाल्ला, परत उचलला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाळी एकाच्या नावावर असली तरी काम दोघांचं होतं. बांबू काका धरायचे, कपडे काकू ओवायच्या.

मी मागचं टोक धरलं.

"तू कशाला आलास?"

"शर्ट माझाय."

बांबू बसला. दुसऱ्या बांबूवर मी शर्ट कॉलरमधून घालायला लागलो.

"बाहीतून घाल, बाहीतून! इंजिनिअर म्हणे. ती तर..." काका थांबले. मी शर्ट काढून बाहीतून ओवला.

मग आतल्या दिशेनं त्यांनी हाक मारली. "विनीता, मंगळवारी बांबू धरायला येशील का?"

आतून नाक ओढल्याचा आवाज झाला.

"येईन. पण आठला माझा कॉल असतो, काका. त्याच्या आत उरका. तुमचं आजकाल फार रेंगाळतं."

"बरं," काका म्हणाले, आणि पुढचा कपडा त्यांनी माझ्या हातात दिला.