मांडवाचा नळ

शामराव मोहोडांच्या खिशाला कायम पेन असायचं, पण त्या पेनाने लिहिताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. त्यातली रिफिल त्यांनी कधीच काढून फेकली होती. पेनाचं टोक ते नळाच्या तोंडात घालायचे, अडकलेली रेती आणि गंजाच्या खपल्या कोरून काढायचे, मग पेन धोतरासारख्या मऊ झालेल्या रुमालाला पुसून पुन्हा खिशाला लावायचे. हजेरीपटावर सही करायला मात्र रोज माझं पेन मागायचे. मी म्हणायची, मिस्तरी, कुठला पाइप कुठून जातो ते कधीतरी कागदावर उतरवून ठेवा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "कागद वला झाला का गेला, म्याडम. डोक्शातलं वलं होत नाई."

मी अकोल्याची. माझा स्वभाव तिखट आहे, असं घरचे म्हणतात आणि ते खरं असावं. पाणीपुरवठ्याच्या खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून माझी बदली अमरावती जिल्ह्यात झाली आणि माझ्या पदरात पडली ती जुनी छावणी. तिथली पलटण जाऊन जमाना झाला. आता तिथे सरकारी क्वार्टर, शाळा, दवाखाना आणि नव्या प्लॉटांवरची रंगीत घरं. जमिनीखाली मात्र अजून पलटणीचंच राज्य होतं. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे पाइप, त्यांना शिसं ओतून केलेले सांधे. आमच्या वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते आणि दर खेपेला एखादा सांधा सोडवते. नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायचं. हे सगळं बाद करून नवी लाइन टाकायची आणि मार्चअखेर जुनी बंद करायची, हे माझं काम. शामराव माझ्या हाताखालचे फिटर. एप्रिलअखेर ते निवृत्त होणार होते.

पहिल्या दिवशी मी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि टाकीपासून समजावून सांगायला लागले. शामरावांनी डोक्याचा दुपट्टा सोडून पुन्हा बांधला आणि मला मध्येच तोडलं.

"शेवटचा नळ कोनता?"

"आधी टाकी तर बघा, मिस्तरी."

"टाकीले तं पानी भेटतेच. टाकी कधी तहानली रायते का? शेवटचा दाखवा."

मी दवाखान्यामागच्या चौसष्ट नंबरच्या क्वार्टरवर बोट ठेवलं. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग दवाखान्याच्या भिंतीपलीकडे पाहिलं, आणि नुसतं "बरं" म्हणाले. तेव्हा मला त्या "बरं"चं काही वाटलं नाही. नव्या बाईला म्हातारा माणूस जोखतोय, एवढंच वाटलं.

त्यांची एक रीत होती. कुठलीही दुरुस्ती असो, लाइनीच्या त्या फाट्यावरच्या शेवटच्या नळापर्यंत ते चालत जायचे, ओंजळ धरायचे आणि एक घोट प्यायचे. तोवर काम झालं असं म्हणायचे नाहीत, दुसऱ्याला म्हणू द्यायचे नाहीत. एकदा कंत्राटदाराच्या माणसाने टाकीजवळच दाब मोजला आणि वही पुढे केली. शामराव भर उन्हात पाऊण मैल चालत गेले, घोट घेतला आणि थुंकला. "गंज हाये. धुवा अजून."

"मिस्तरी, गेज बराबर दाखवून राह्यलं," तो माणूस वैतागला.

"गेजले तोंड हाये का चव घ्याले?"

लाइन आणखी दोनदा धुवावी लागली. तो माणूस दिवसभर माझ्याकडे तक्रार करत होता आणि मी मनातून खूश होते.

ते चुकतही असत, आणि चुकले की कबूल करत. शाळेच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली जुना सांधा आहे, असं त्यांनी एकदा छातीठोकपणे सांगितलं. मजुरांनी तीन तास खोदलं. सांधा काही सापडेना. मी म्हटलं, "मिस्तरी, डोक्यातलं वलं झालं वाटतं." ते खड्ड्याच्या काठावर बसून हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "व्हय वो म्याडम. थोडसं वलं झालं." मग सगळ्या मजुरांना त्यांनी स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही चाचणी घेतली. एक दिवस जुनी लाइन पूर्ण बंद ठेवायची आणि नवीवर छावणी चालते का ते पाहायचं. चौसष्ट नंबरचा नळ उघडला तर असं धो धो पाणी आलं, की माझ्या चपला भिजल्या. स्वच्छ पाणी. मी वही काढली. पण शामरावांनी ओंजळ धरली नाही.

"प्या ना, मिस्तरी. काम झालं."

"हा शेवटचा नळ नाई, म्याडम," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "चाला."

दवाखान्याची भिंत एका जागी पडलेली होती. त्या खिंडारातून ते मला पलीकडे घेऊन गेले. तिथे पलटणीच्या घोड्यांच्या जुन्या पागा होत्या, लांबच लांब, दगडी. माझ्या नकाशात ती जागा पांढरी होती. प्रत्यक्षात पागेच्या कमानी विटांनी बुजवून लोकांनी घरं केली होती. एकतीस घरं. मध्ये एक नळ, आणि त्याच्यापुढे रिकाम्या गुंडांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची, रांग. साठीच्या एक बाई पुढे आल्या. या सुभद्राबाई. "शामरावभौ, आज नळ काहून नाई आला वो?"

शामरावांनी तिथेच, त्या बायांच्या देखत, मला सगळं सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी सुभद्राबाईंच्या मुलीचं, बेबीचं, लग्न होतं. वैशाख, मांडव दारात, वऱ्हाड बाळापूरहून यायचं, आणि पागेतली विहीर आटलेली. सुभद्राबाईंनी हात जोडले. लग्नाच्या मांडवाला आमचं खातं दोन दिवसांचा नळ देतं, पण त्याचा अर्ज लागतो, आणि जागा पलटणीची की सरकारची याचाच तेव्हा पत्ता नव्हता. म्हणून शामरावांनी अर्जाशिवायच जुन्या लाइनीवरून भिंतीतून पाइप काढून दिला.

"दोन दिवसाचा म्हनून देल्ला," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी काढाले आलो पाना घेऊन. पाह्यतो तं साऱ्या घरच्या बाया गुंड घेऊन उभ्या. या बाईनं मले पुरनपोयी खाऊ घातली अन् इचारलं, काढता का? मी म्हनलं, उद्या काढतो."

"मग?"

"मंग आजवर उद्या आलाच नाई."

मला हसू यायला हवं होतं. मी संतापले. मार्चअखेर जुनी लाइन बंद झाली की ही एकतीस घरं कोरडी पडणार, एप्रिल-मेच्या उन्हात, आणि हा माणूस सात महिने माझ्याबरोबर चहा पीत होता. मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं. आवाज चढला माझा. बाया गुंड धरून बघत राहिल्या.

"रोज म्हनलं, आज सांगतो," शामराव म्हणाले. "तोंडातच रायलं. पेन्शन दिसत होती म्याडम, खोटं काहून बोलू?"

परत येईपर्यंत माझा राग निवला होता. मी मार्ग काढला. म्हटलं, अनोळखी माणसाने जोडलेला नळ आढळला, असं मी लिहिते. तुमचं नाव कुठेच येणार नाही. त्यांनी मान हलवली.

"चोराचा नळ ऑफिस कापते. कापाचाच असते तो. पन ऑफिसच्याच मानसानं देल्ला नळ कापाले वरच्याले दहादा इचार करा लागते. माहं नाव नसन, तं नळबी नसन."

मी नियमांची पुस्तकं वाचून नोकरीला लागलेली. ऑफिस मात्र त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलं होतं.

त्यांनी कागद मागितला. सवयीने खिशातलं पेन काढलं, टेकवलं, आणि ते कोरडं आहे हे आठवून माझ्याकडे हात केला. चार ओळी लिहायला त्यांना अर्धा तास लागला. 'मी शामराव मोहोड, फिटर, लिहून देतो की पागेतला नळ मी दिला. दोन दिवसांसाठी दिला होता. काढला नाही. तिथे एकतीस घरं आहेत. ती नकाशात घ्यावी.' खाली सही. मला त्या क्षणी या माणसाचा फार अभिमान वाटला आणि आधी ओरडल्याची लाजही वाटली.

मी तो जबाब वर पाठवला, तसं आमच्या कार्यकारी अभियंता साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. जबाब वाचून त्यांचा चेहरा लाल झाला.

"कुणाच्या आदेशावरून दिला नळ?"

"नवरीच्या मायच्या, साहेब."

थट्टा नव्हती ती. विचारलं त्याचं खरं उत्तर होतं. साहेब हसले नाहीत. चौकशी लागली, आणि चौकशी संपेपर्यंत शामरावांची पेन्शन अडकणार हे ठरलं. मला साहेब म्हणाले, पागेचं मागाहून बघू. तुम्ही ठरल्या तारखेला जुनी लाइन बंद करा आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला द्या.

दाखल्यावर सही माझी लागत होती. मी वहीत लिहिलं, शेवटच्या नळाला पाणी नाही, काम अपूर्ण.

"नकाशातला शेवटचा नळ तर चालू आहे ना, मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"नकाशा चुकला होता, सर. दुरुस्त करून आणलाय." दोन दिवस खपून मी पागेतलं घर न् घर मोजून नकाशावर चढवलं होतं. शामराव टेपचं दुसरं टोक धरून होते. मलाही एक मेमो मिळाला. तो मी अजून जपून ठेवलाय.

त्यामुळे एवढं झालं, की पागेची वाढीव लाइन मंजूर होईपर्यंत जुन्या लाइनीचा एक फाटा चालू ठेवावा लागला. त्याचा व्हॉल्व्ह इतका झिजला होता की दुसऱ्या कोणाच्या हाताने तो धड उघडत नसे आणि बंद तर मुळीच होत नसे. शामराव एप्रिलअखेर निवृत्त झाले. मे उजाडला आणि पहिल्याच सकाळी ते चांदूर बाजारहून एसटीने येऊन व्हॉल्व्हपाशी हजर.

"तुम्ही रिटायर झालात, मिस्तरी."

"मी झालो. नळ नाई झाला."

आठ महिने ते रोज आले. दुपारी लोकांची खाजगी कामं करायचे, कारण घर चालवायला दुसरं काही नव्हतं. पेन्शनचं मी विचारलं की म्हणायचे, "येइन तेबी. लाइन लांब हाये, शेवटच्या नळाले यायले वेळ लागते." मीही दर आठवड्याला मंजुरीच्या मागे वरच्या ऑफिसात जाऊन बसायची. तिथले लोक मला पाहिलं की चहा सांगायचे आणि तोंड फिरवायचे. मी चहा प्यायची आणि बसून राहायची.

हिवाळ्यात पागेत नवा पाइप गेला. त्या दिवशी बेबी बाळापूरहून माहेरी आलेली होती. तिच्याच लेकीचं लग्न आता ठरत होतं. ती शामरावांना म्हणाली, "मामा, पोरीचं लगन अथीच करू म्हनतो. मांडवाले दोन दिवसाचा नळ भेटन का?" सगळ्या बाया खळखळून हसल्या.

शामराव हसले नाहीत. "नाई वो बेबी," ते म्हणाले. "आता दोन दिवसाचं काही नाई."

त्यांनी नळ सोडला. ओंजळ धरली, भरू दिली, आणि प्यायले नाहीत. बाजूला सरून मला म्हणाले, "पयला घोट तुमचा, म्याडम. सही तुमची हाये." मी प्यायले. मग ते प्यायले. मी तिथेच वही काढून काम पूर्ण असं लिहिलं.

पुढच्या पावसाळ्याआधी शामराव गेले. छातीत दुखलं आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं. चौकशीचा निकाल त्यानंतर महिन्याभराने आला. पेन्शन मोकळी केली होती आणि सोबत एक पत्र होतं, यापुढे असा प्रकार आढळल्यास कडक कारवाई केली जाईल. पत्र त्यांच्या नावचं. मी ते घेऊन चांदूर बाजारला गेले. जाताना जिवावर आलं होतं. त्यांच्या पत्नी, कमलबाई, चष्मा लावून पत्र दोनदा वाचून म्हणाल्या, "तथी नळाले पानी येते ना, बाई?"

"येतं. रोज."

"मंग हे तुमच्याच फायलीत राहू द्या. त्याइले कागदाचा मोठा कंटाया होता."

पत्र परत आणून मी फायलीत लावलं. त्याच्यावर शामरावांचा चार ओळींचा जबाब लावला. आता कोणीही पागेची फाइल उघडली, की आधी तो वाचावा लागतो.