डिप्लीटेड गाव

“गुरुजी, हा काही मंत्र नव्हे. बसा खाली.”

मोर्शीच्या सभागृहात भूजल कचेरीचे साहेब हसत म्हणाले. सभागृह हसले. मी उभाच होतो. साहेबांनी आमचे गाव ‘डिप्लीटेड’ ठरवले होते. म्हणून लहान शेतकऱ्यास नवी विहीर मिळणार नव्हती. मी त्या शब्दाचा अर्थ विचारला होता. एवढेच.

व्यासपीठावर आमच्या गावचे संत्रा बागाईतदार भाऊसाहेब बसले होते. त्यांनी माइक ओढला.

“आटलं गाव म्हना. जन्मभर संस्कृत शिकवून राहिले, अन् एवढं नाई समजत तुमाले? माळ्याचं पोरगं ते माळ्याचंच.”

मी बसलो. ज्या पाठशाळेने मला माळ्याचा म्हणून प्रथम बाहेर ओसरीवर बसवून शिकवले, तिच्या फरशीचा गारवा पुन्हा अंगाला लागला.

घरी नातीचा इंग्रजी कोश उघडला. वापरून, उपसून रिते केलेले, असा अर्थ होता. उदाहरणे होती सैन्याची, जंगलाची, धान्याच्या कोठाराची. प्रत्येक रितेपणामागे कोणाचा तरी हात. आटवते ते ऊन. हे ऊन नव्हते. भाऊसाहेबांच्या बागेतील खोल बोअर रात्रंदिवस चालत होते, आणि आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता.

तरी माझे तोंड बांधलेले होते. आमचा झेंडू भाऊसाहेबांनीच आपल्या बोअरवरून दिलेल्या एका पाइपावर जगत होता. मुलगा त्यांचाच ट्रॅक्टर चालवी.

आठवडा गेला आणि भाऊसाहेबांचा निरोप आला, नव्या बोअरची पूजा आहे. त्यांना कचेरीची हरकत नव्हती. आमच्या गावी नारळ फुटून वरुणाचे आवाहन झाल्याखेरीज मशीनवाले दांडीला हात लावत नाहीत. आणि ते आवाहन वर्षानुवर्षे माझ्याच मुखाने होते.

मुलगा म्हणाला, “जा ना बाबा. नाई तं पाइप बंद करतीन थे.” पत्नीने सोवळे काढून दिले.

गेलो. आचमन केले. नारळ हाती घेतला. पुढचा शब्द वरुणाचा होता, तो ओठांवर येईना. ज्याच्यापुढे आयुष्यभर हात जोडले, त्यालाच या लुटीत सामील कसे करू?

“आटपा, गुरुजी. मशीनचं भाडं चढून राह्यलं.”

मी नारळ ताम्हनात परत ठेवला.

“भाऊसाहेब, गाव आटलेले नाही. तुम्ही उपसले आहे. माझ्या मुखाने इथे वरुण येणार नाही.”

ते ओरडले नाहीत. गड्याकडे पाहून म्हणाले, “गुरुजीचा पाइप काढ.”

पुढे अमरावतीहून दुसरे गुरुजी आले. बोअर झाला, पाणी लागले. मुलाचे काम गेले; तो माझ्याशी बोलत नाही. झेंडू उभ्या उभ्या वाळला. देवाजवळ मी काही मागितले नाही.

येत्या ग्रामसभेत साहेब येणार आहेत. भाऊसाहेबही असतील. तिथे मी उभा राहीन. अर्थ विचारायला नव्हे, सांगायला. कोणी उपसले, तेही नाव घेऊन सांगेन.

बसा म्हणतील. बसणार नाही.