शिवणीच्या डावीकडची जागा

काकू चालताना वाकायच्या. वयामुळे नव्हे. स्लाइड दाखवायच्या मशीनच्या उजेडात आपली सावली पडद्यावर पडू नये म्हणून कमरेत वाकून, एका हाताने पदर धरून पलीकडे जायची त्यांना सवय लागली होती, आणि ती सवय मग कुठंच सुटली नाही. मंडईत दोन माणसं समोरासमोर बोलत उभी असली, तरी त्यांच्यामधून काकू वाकून जायच्या. आमच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक भिंतीवरचे दिवे बघत असलं, तर त्याच्यासमोरूनही वाकूनच. तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई नक्की असणार. जरा आठवून बघा, बहुतेक घरांत असते.

काकू म्हणजे आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांच्या पत्नी. त्यांचं घर आमच्या गल्लीत, आणि आमचं विजेच्या सामानाचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. सरांना कुठल्याशा क्लबानं शिक्षक म्हणून विलायतेला पाठवलं होतं. तिथल्या एका शाळेत वर्षभर शिकवायचं आणि परत यायचं. सर हाडाचे भूगोलवाले. जाताना एका बाजूनं गेले आणि येताना दुसऱ्या बाजूनं आले, म्हणजे पृथ्वीला सबंध प्रदक्षिणा घातली. क्लब एकालाच पाठवणार होता, त्यामुळे काकू सोलापुरात राहिल्या. ‘पुढच्या वेळी दोघं,’ असं सर स्टेशनवर काकूंना म्हणाले. हे माझ्या आईनं ऐकलं होतं, आणि आईनं ऐकलं म्हणजे गल्लीनं ऐकलं.

येताना सरांनी एक स्लाइड दाखवायचं मशीन आणलं आणि डबा भरून स्लाइड. त्यात पिरॅमिड होते, रोमचं पडकं कलोसियम होतं, आल्प्सची बर्फाची शिखरं, नायगारा, फुजी पर्वत, असं सगळं. मग गणपतीत, शाळांतून, आसपासच्या गावांतून सरांची व्याख्यानं सुरू झाली. सर बोलायचे आणि काकू मशीन चालवायच्या.

पडद्याची मोठी गंमत होती. सोलापुरात चादरींना काही तोटा नाही, पण कोरी पांढरी चादर मिळणं कठीण. आमच्या चादरींवर मोर तरी असतात, नाहीतर कमळं तरी. शेवटी काकूंनी सरांची दोन धोतरं मधोमध जोडून पडदा शिवला. त्यामुळे जगातल्या सगळ्या प्रेक्षणीय स्थळांच्या मधून एक उभी शिवण जायची. पिरॅमिडच्या बरोबर टोकातून जायची, नायगाऱ्याचे तर सरळ दोन भाग करायची. मी लहानपणी फुजी पर्वताला खरंच मधे भेग आहे असं समजत होतो.

आणि प्रत्येक चित्रात सर. वाटेतल्या कुणालातरी कॅमेरा देऊन फोटो काढून घेतलेला. पण सर कधी मध्ये उभे नसायचे. शिवणीच्या उजवीकडे उभे, आणि शिवणीकडचा हात जरासा पुढे करून तळवा उघडा ठेवलेला, घरी आलेल्याला ‘या, बसा’ म्हणताना ठेवतात तसा. डावीकडची जागा मोकळी. व्याख्यानात सर अगदी तसाच हात करून विचारायचे, ‘‘ही जागा मोकळी का ठेवली आहे, सांगा बघू?’’ मग सरच म्हणायचे, ‘‘पुढच्या वेळी इथं हिला उभी करायची आहे.’’

लोक हसायचे आणि मान वळवून मशीनकडे बघायचे. तेवढ्यात काकूंचा आवाज यायचा, ‘‘बघून घ्या हं, बंद करते.’’ आणि अंधार.

हा अंधार काही लाजेपोटी नव्हता. मशीनचा बल्ब परदेशी होता. मशीनबरोबर दोन आले होते, आणि तसला तिसरा आपल्याकडे मिळत नव्हता. म्हणून काकूंनी नियम केला होता. चित्र लागलं की लोकांनी पटकन बघून घ्यायचं, मग दिवा बंद, आणि सरांनी पुढचं वर्णन अंधारात करायचं. सरांचं निम्मं जग आम्ही अंधारातच पाहिलं. काकूंनी तर तेवढंही पाहिलं नाही. त्यांचं लक्ष सगळा वेळ बटणावर आणि तापलेल्या पत्र्यावर. एकदा मी विचारलं, ‘‘काकू, तुम्हाला यातलं कुठलं आवडतं?’’ तर म्हणाल्या, ‘‘मी कुठं बघते रे? जाऊ तेव्हा बघूच की सावकाश.’’

दुष्काळाच्या साली आम्ही वळसंगला गेलो होतो. वायरिंग बघायला म्हणून सरांनी मला बरोबर घेतलं होतं. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून आलेली माणसं शाळेच्या खोलीत दाटीवाटीनं बसली होती. पिरॅमिड झाले, बर्फ झालं, कुणी हूं की चूं केलं नाही. नायगारा लागला तशी खोली हलली. काकू म्हणाल्या, ‘‘बघून घ्या हं, बंद...’’ तर पुढं बसलेला एक म्हातारा मागे वळून म्हणाला, ‘‘बंद नका करू की, ताई. ऱ्हाऊ द्या जरा.’’

काकूंचा हात बटणावर होता. तो तिथंच राहिला.

म्हातारा सरांना म्हणाला, ‘‘मास्तर, हे समदं पानी वाया चाललंय व्हय?’’

‘‘वाया नाही. पुढं सरोवरात जातं.’’

‘‘आन् तितनं?’’

‘‘नदीतून समुद्रात.’’

‘‘मंग वायाच की,’’ म्हातारा म्हणाला. एक बाई उठली, पडद्याजवळ गेली आणि तिनं धोतराला हात लावून बघितला. बराच वेळ झाला, पत्रा तापून वास यायला लागला, तरी काकूंनी दिवा बंद केला नाही. मग फट्‌ असा आवाज झाला आणि नायगारा गेला.

येताना एस.टी.त काकू गेलेला बल्ब मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सर त्यांना हसवत होते, ‘‘नायगाऱ्यापायी गेला, चांगलं मरण आलं त्याला.’’ काकू एवढंच म्हणाल्या, ‘‘माझा हातच झाला नाही.’’

राहिलेला एक बल्ब मग त्यांनी फारच जपला. तसं जपायचं कारणही कमी कमी होत गेलं. गणपतीत लोकांना ऑर्केस्ट्रा हवा झाला, पडद्यावरचा सिनेमा हवा झाला. सरांनी पुढच्या वेळेसाठी क्लबाकडे दोनदा विचारून पाहिलं. निवृत्त माणसाला पाठवत नाहीत असं उत्तर आलं. सरांनी ते काकूंना सांगितलं, की काकूंनी ते आपणहून ओळखलं, मला माहीत नाही. व्याख्यानात मात्र सर ‘पुढच्या वेळी’ म्हणत राहिले आणि समोरची पाच-पंचवीस माणसं हसत राहिली.

एका सकाळी सर अंगणात पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा डोळे उघडे असायचे, पण ते कुणावर ठरायचे नाहीत. मी भेटायला गेलो तर माझ्यातून आरपार बघत होते. इतकी वर्षं ज्यांचा आवाज ऐकला त्या माणसाच्या तोंडातून लाळ गळताना बघून मला रडू आलं, आणि मी काहीतरी कारण काढून बाहेर आलो.

महिन्याभरानं काकू दुकानात आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला होता. ‘‘संध्याकाळी येऊन बघ,’’ म्हणाल्या.

गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाल्यावर मी गेलो. काकूंनी पलंगासमोर पडदा टांगला होता. दारं-खिडक्या लावल्या, मशीन लावलं आणि एकच चित्र दाखवलं, आल्प्सचं. सर बघत होते. आणि त्यांचा डावा हात, जो एरवी पांघरुणावर निपचित पडलेला असायचा, तो हळूहळू वर आला आणि तळवा उघडला. त्या मोकळ्या जागेकडे.

‘‘बघितलंस? आत आहेत रे ते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘हात करतात की.’’ मग सरांकडे वळून म्हणाल्या, ‘‘बघून घ्या हं, बंद करते.’’

डॉक्टर म्हणाले होते की काही सांगता येत नाही, अशी माणसं कधीकधी परततात. काकूंना तेवढं पुरेसं होतं. रोज संध्याकाळी एक चित्र, थोडा वेळ. रोज हात वर यायचा. बाकी दिवसभर काकू त्यांना भरवायच्या, पुसायच्या, कूस बदलायच्या, आणि त्या संध्याकाळची वाट बघायच्या. पावसाळा तोंडावर आला तेव्हा काकू रुमालात काहीतरी गुंडाळून दुकानात आल्या. मी रुमाल उघडला. बल्ब आतून काळा पडला होता.

‘‘असला मिळेल का कुठं?’’

माझा धंदाच विजेचा. मी म्हटलं, बघतो. खरं तर तो मिळणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक सेल्समनला मी नमुना दाखवला. एकानं हातात घेऊन परत दिला आणि ‘‘मशीनच बदला ना,’’ म्हणाला. त्याला मी चहा सांगितला होता, तो रद्द केला. मग मी मशीनमध्ये साधा बल्ब बसवून पाहिला, मोटारीच्या दिव्याचाही पाहिला. धोतरावर पिवळा डाग पडण्यापलीकडे काही झालं नाही.

काकू मग रोज एक स्लाइड खिडकीच्या उजेडात सरांच्या डोळ्यांसमोर धरायच्या. ‘‘अहो, हे रोम. हे बघा, तुम्ही इथं उभे आहात.’’ बोटभर चौकोन तो, धडधाकट माणसालाही त्यात काही दिसलं नसतं. सर तोंड फिरवायचे. हात पांघरुणावर तसाच. मी गेलो की काकू विचारायच्या नाहीत, नुसतं माझ्या हातांकडे बघायच्या. पुढं पुढं मला त्या घरावरून जाणंच नकोसं झालं.

दिवाळी होऊन गेल्यावर बल्ब आला. एका सेल्समननं मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळवला होता. मी दुकान तसंच उघडं टाकून धावत गेलो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं की आता सगळं ठीक होणार.

बल्ब मीच बसवला. दारं लावली. काकूंनी सरांच्या पाठीला उशा दिल्या, त्यांचं तोंड पुसलं आणि आल्प्सचं चित्र लावलं. शिखरं, आकाश, मधली शिवण, उजवीकडे सर. सगळं कसं लख्ख.

आम्ही दोघं पडद्याकडे बघतच नव्हतो. त्या हाताकडे बघत होतो.

हात हलला नाही. सर मशीनकडे बघत होते, त्यातून निघणाऱ्या उजेडातल्या धुळीकडे. काकूंनी दुसरं चित्र लावलं, तिसरं लावलं. पिरॅमिड, रोम, फुजी. ‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘अहो, हे बघा की.’’ मी म्हटलं, ‘‘काकू, दिवा तापतोय, बंद करू का?’’

‘‘राहू दे,’’ त्या म्हणाल्या.

मग नायगारा लागला. काकू उठल्या, आणि सवयीनं वाकल्या. वाकून दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि सरळ झाल्या. मी त्यांना उजेडात सरळ उभं राहिलेलं तेव्हा प्रथम पाहिलं. पडद्यापाशी जाऊन त्या शिवणीच्या डावीकडे उभ्या राहिल्या, आमच्याकडे तोंड करून. सगळं पाणी त्यांच्या अंगावरून, लुगड्यावरून, चष्म्यावरून वाहत होतं. त्यांना समोरचं काही दिसत नसणार, त्यांनी डोळे बारीक केले होते.

‘‘अहो, आले मी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘बघून घ्या.’’

सर धुळीकडे बघत होते. काकू उभ्या राहिल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या. मग तिथूनच मला म्हणाल्या, ‘‘बंद कर रे.’’

मी बंद केला. अंधारात त्यांच्या बांगड्यांचा आवाज आला, त्या पडदा काढत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. काकू जेऊरला भावाकडे राहायला गेल्या. जाताना मशीन माझ्या दुकानात ठेवून गेल्या, ‘‘कुणाला लागलं तर दे,’’ म्हणाल्या. कुणाला लागलं नाही. ते अजून माळ्यावर आहे, आणि बल्ब चांगला आहे.

पुढं काही वर्षांनी काकू गेल्याचं भावाकडून कळलं. आईला त्यांचा फोटो हवा होता. आम्ही सगळं घर शोधलं. त्यांच्या भावाला विचारलं, त्याच्याकडेही नव्हता. सरांच्या त्या डबाभर स्लाइडमध्ये तर नव्हताच. शेवटी माझ्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक सापडला. लग्नाला काकू जेऊरहून आल्या होत्या. फोटोत नवरा-नवरी आहेत, आमचं सगळं खानदान दात काढून उभं आहे, आणि पुढे, कडेला, फोटोग्राफरच्या समोरून घाईनं बाहेर निघालेलं कुणीतरी हललेलं आहे. चेहरा आलेला नाही. वाकलेली पाठ आहे आणि पदर धरलेला हात.