तिसरं कडवं

कुसुमबाईंना एका पोरीची काळजी तीस वर्षं लागून राहिली होती, आणि ती पोरगी खरी नव्हतीच. गाण्यातली होती.

गाणं धम्मपाल वझरकरांनी गायलेलं. पहिल्या कडव्यात आई पोरीच्या हातात पाटी देते आणि तिला परगावच्या शाळेला धाडते. दुसऱ्या कडव्यात दिवस मावळतो, बाकीची पोरं घरी येतात, हिचा पत्ता नाही, आणि आई वेशीवर उभी राहून वाट बघते. तिसऱ्या कडव्यात काय होतं ते कुसुमबाईंना ठाऊक नव्हतं. याला कारण त्यांचे मालक, दत्तराव.

झालं असं, की कुसुमबाईंनी हट्टानं कॅसेट आणवली आणि त्याच आठवड्यात दत्तराव चुडाव्याच्या जयंती मंडळाचे अध्यक्ष झाले. गळ्यात हार पडला, चार शब्द बोलायचा मान मिळाला. हा सोहळा जपून ठेवावा म्हणून त्यांनी हाताला लागली ती कॅसेट घेतली, तिच्यावर पुन्हा आवाज भरता यावा म्हणून भोकात कागदाचा बोळा कोंबला आणि टेपचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. कुसुमबाई तेव्हा माहेरी बाळंतिणीला बघायला गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी कौतुकानं पहिल्यांदाच गाणं लावलं, तर आई वेशीवर उभी राहिली आणि दत्तरावांचा आवाज आला, "बंधू आणि भगिनींनो, माझ्यासारख्या सामान्य कार्यकर्त्याचा..."

त्या दिवशी कुसुमबाईंनी चूल पेटवली नाही.

पुढं चुडाव्याच्या बायकांनी ते गाणं उचललं. विहारात, जयंतीत, बारशात, सगळीकडं म्हणायच्या, पण दोनच कडवी. कुणी म्हणे पोरगी मास्तरीण होऊन आली असंल, कुणी म्हणे नाल्याला पूर आला असंल. कुसुमबाईंना स्वतःला चौथीतून काढून खुरपायला लावलं होतं, त्यामुळं त्या या गोष्टीवर हसत नसत. सून शुभदानं मोबाईलवर किती वेळा शोधून दिलं. कुठल्या कुठल्या जयंतीत लोकांनी मोबाईलनं टिपलेलं ते गाणं सापडायचं, पण तेही दुसऱ्या कडव्यापाशीच तुटायचं. तेव्हाच खरं म्हणजे ओळखायला हवं होतं.

मग एक दिवस शुभदानं मोबाईल पुढं केला. "आत्याबाई, वझरकर यायलेत. देवगाव फाट्याजवळ, एका गुरुजींचं पहिलं पुण्यस्मरण हाय. सकाळी गीतांचा कार्यक्रम, मग भोजनदान."

"मी जायलाव," कुसुमबाई म्हणाल्या.

"वळख ना पाळख, त्या गुरुजींच्या घरी?" दत्तराव म्हणाले.

"गुरुजींकडं कोण जायलंय? मी पोरीकडं जायलाव."

दत्तरावांचे गुडघे धरलेले, म्हणून त्या एकट्याच निघाल्या. पांढरं लुगडं नेसून पहाटेच्या पॅसेंजरला बसल्या. पूर्णेला गाडीनं अंग टाकलं. परभणीला गाडी बदलायची, तर दुसरी सुटायच्या बेतात. जिना चढता-उतरता जीव घशाशी आला. पुढं मधल्याच एका स्टेशनात क्रॉसिंगला थांबली ती थांबलीच. समोरून एक्सप्रेस गेली, मालगाडी गेली, बाहेरची म्हैसदेखील चरून पुढं गेली. सेलूला उतरून ऑटोत बसावं तर भरल्याशिवाय तो हलेना. कुसुमबाईंच्या तोंडून बुद्धाचं नाव आणि रेल्वेचा उद्धार आलटून पालटून निघत होता.

एवढ्या उशिरानं पोचूनसुद्धा गाणं सुरू झालेलं नव्हतं! मांडवात भाषणं चालली होती. भंतेजी एका बाजूला शांत बसलेले. भिक्खूंचं भोजन बाराच्या आत व्हायला पाहिजे, म्हणजे त्याआधी सगळं आटोपायला पाहिजे, हे मांडवातलं शेंबडं पोरही सांगेल. पण माईकला चिकटलेल्या माणसाला कोण सांगणार? आणि दोन भाषणांच्या मध्ये सत्कार. सरपंचांचा, माजी सरपंचांचा, मांडववाल्याचा. आपल्याकडं पाहुण्याला पाणी विचारायचं एक वेळ विसरतील, शाल घालायची विसरणार नाहीत. वझरकर पेटीवर हात ठेवून मागं बसले होते. कॅसेटवरच्या फोटोतले काळे कुरळे केस गेले होते, पण डोळे तेच होते. ते बघून कुसुमबाईंना उगीचच रडू आलं.

शेजारी गुरुजींची मोठी लेक बसली होती. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, "कुठून आल्या मावशी?"

"चुडाव्याहून."

"अगं बाई! एवढ्या लांबून? आमच्या दादांसाठी?"

कुसुमबाई खरं सांगणार होत्या. पण बापाच्या आठवणीनं त्या लेकीचे डोळे भरलेले. अशा वेळी कोण म्हणेल, की तुमचे दादा कोण मला माहीत नाही? त्या नुसत्या "हूं" म्हणाल्या. तो एक हुंकार त्यांना महागात पडला.

अखेर वझरकरांना माईक मिळाला. एक गाणं झालं. मग त्यांनी पेटीवर जी सुरावट काढली, ती ऐकून कुसुमबाईंचे हात आपोआप जुळले. पाटी आली. शाळा आली. दिवस मावळला. वेशीवर आई उभी राहिली. म्हातारा आवाज कापत होता, पण कॅसेटपेक्षा खोल गेला होता. दुसरं कडवं संपलं, ढोलकीनं तोडा घेतला, आता तिसरं. कुसुमबाई पुढं सरकून बसल्या.

आणि गुरुजींचा मुलगा सिद्धोधन हात वर करून माईकपाशी आला.

"एक मिनिट, एक मिनिट. आत्ताच समजलं, की दादांवरच्या श्रद्धेपोटी थेट चुडाव्याहून एक माऊली आलेल्या आहेत. त्यांचा सत्कार..."

"न्हाई हो! गाणं होऊ द्या!" कुसुमबाई ओरडल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईची किती ही नम्रता, असं लोकांना वाटलं. जितकं त्या नको म्हणाल्या, तितका आग्रह वाढला. दोन बायांनी दंड धरून वर नेलं. शाल पडली, फूल मिळालं, फोटोसाठी पुन्हा एकदा शाल पडली. "दोन शब्द बोला," म्हणून माईक पुढं आला. "मला काय बोलायचं न्हाई, ह्यांना गाऊ द्या," त्या म्हणाल्या, तर त्यावरही टाळ्या. इतक्यात मागून कुणीतरी भंतेजींच्या भोजनाची आठवण करून दिली आणि वझरकरांनी मुकाट्यानं पेटी मिटली. कुसुमबाईंना ती शाल फाडून टाकावीशी वाटली.

पण त्या हरल्या नाहीत. पंगतीला न बसता गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वझरकरांना दुसऱ्या गावाला जायचं होतं.

"जयभीम दादा. तिसरं कडवं सांगा. गाऊ नका, निसते बोल सांगा."

वझरकर हसले. गुणगुणायला लागले, थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. ढोलकीवाल्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली.

"ताई, खरं सांगू का? तिथपर्यंत कुणी जाऊच देत न्हाई बगा. दोन झाली की कुणाचा तरी सत्कार निघतो. किती वर्षं झाली, म्हणलंच न्हाई. लिहिणारेबी वारले."

"पोरगी घरी आली का? तेवढं तरी सांगा!"

"आली असंल की, ताई."

असंल! असंल म्हणायला चुडाव्यातल्या बायका काय कमी होत्या? कुसुमबाईंचा आवाज चढला. "तुमी गायलेलं हाय ना? मग असंल काय म्हणता?"

म्हातारा गाडीकडं वळला. गाडीत बसता बसता त्यानं काच खाली केली आणि ओशाळून विचारलं, "ताई, ती कॅसेट माझ्याकडंबी राह्यली न्हाई. तुमच्याकडं हाय का? असली तर तेवढं कडवं मला ऐकवा."

त्या कॅसेटवर तिसऱ्या कडव्याच्या जागी दत्तरावांचं भाषण होतं. गाडी धुरळा उडवत निघून गेली.

परतीच्या प्रवासातही क्रॉसिंग झालं, पण आता त्यांना घाई नव्हती. दिवस मावळायला चुडाव्याच्या स्टेशनावर दत्तराव काठी टेकत उभे होते. त्यांची नजर आधी शालीवर गेली.

"आगं, सत्कार केला का काय तुझा? लय भारी हाय की." मग जरा घुटमळून, बायकोच्या तोंडाकडं न बघता त्यांनी विचारलं, "मग? आली का पोरगी?"

तीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. कुसुमबाईंनी शाल काढली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली.

"तुमचाबी सत्कार झाला, माझाबी झाला," त्या म्हणाल्या. "पोरगी अजून वाटंतच हाय. चला घरी."