आजचं दुखणं निराळं आहे, असं ती म्हणाली होती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गल्लीत ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, ताणला. रविवार होता. फटफटायच्या आधी मी खुंट ठोकले. सखूनं, माझ्या बायकोनं, तिकडचं टोक धरलं, मी इकडचं. मधले तुटलेले धागे ती जोडत आली. जोडता जोडता म्हणाली, "आपल्या कुसुमच्या पोराले झबलं शिवाचं आहे, उरलेलं सूत फेकू नका." मी हो म्हटलं. इतकंच.

मी चौथी नापास विणकर. लिहायची सवय नाही. पण ज्यांच्या घरात कोणाचं डोकं सारखं दुखतं, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो. वाचून मला शिव्या दिल्या तरी चालेल.

सखूला अर्धशिशी होती. दोन वर्षांआधी धंतोलीत एका डॉक्टरला दाखवलं. ते त्याला मायग्रेन म्हणाले. समजावून सांगितलं, की यात अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, ओकारी येते. जीव जात नाही, पण माणूस दिवसभर कामातून जातो. उपाशी ठेवू नका, झोप मोडू नका, दुखणं सुरू होताच गोळी द्या, अंधारात निजू द्या. आम्ही उठलो तेव्हा मला थांबवून म्हणाले, "रोजचं दुखणं तिला ओळखता येतं. ज्या दिवशी ती म्हणेल की हे वेगळं आहे, त्या दिवशी घरी बसू नका. लगेच आणा."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

तिचं डोकं बहुतेक रविवारीच दुखायचं. कारण होतं. शनिवारी रात्री ती खळ शिजवायची आणि रविवारी अंधारात उठून, पोटात काही न घालता, पांजणीला उभी राहायची. पांजणी म्हणजे ताण्याला खळ लावून तो कुंच्यानं विंचरायचा. गिरणीत लागलेले गल्लीतले गडी रविवारी घरी असत, मदतीला हात मिळत, म्हणून आमच्याकडे हे काम रविवारी. खळ लागली की थांबता येत नाही. ताणा ओला आहे तोवरच विंचरावा लागतो. धागे एकमेकांना चिकटून वाळले की सगळी मेहनत मातीत.

लोकांना वाटे, ही काम टाळते. खोटं कशाला बोलू, मलाही वाटे. डोकं दुखलं की ती कपाळाला फडकं आवळून आतल्या खोलीत पडायची. मी खिडकीला पोतं लावून द्यायचो, एवढंच माझं करणं. इतर दिवशी दुखलं तर माग कधी बंद केला नाही. भिंतीच्या तिकडे ती आणि इकडे माझी खटखट.

त्या रविवारी साडेसहाचा सुमार असेल. अर्ध्या ताण्याला खळ लागली होती. सखू मध्येच थांबली. मानेवर हात ठेवला.

"आजचं दुखणं निराळं आहे जी," ती म्हणाली. "डोक्यात एकदम फुटल्यावानी झालं. मान वळून नाही राहिली."

"आलं तुह्यं रविवारचं," मी म्हटलं. "ओला ताणा टाकून जातं का आता? घंटाभर कळ काढ."

शेजारचा नत्थू समोरून कुंचा मारत होता. तो म्हणाला, "वहिनी, डोक्यात क्यालेंडर हाय का तुमच्या? बराबर रविवार धरते!"

सगळे हसले. मी पण हसलो. सखूनं कुंचा उचलला आणि माझ्या जोडीनं चालू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा परत. नऊ वाजेपर्यंत.

मग ती आत जाऊन पडली. मी आंघोळ केली, चहा घेतला, नत्थूसंगं ओट्यावर बसलो. अकरा वाजता आत डोकावलो तर अंथरूण ओकारीनं भरलेलं. तिचे डोळे उघडे होते, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. नत्थूनं रिक्षा आणली. धंतोलीला पोचलो तेव्हा साडेअकरा.

तेच डॉक्टर. तिच्या डोळ्यांत बत्ती मारून पाहिली, मान उचलून पाहिली. मान लाकडासारखी. विचारलं, "कधी सुरू झालं?"

त्यांनी दोन वर्षांआधी काय सांगितलं होतं ते मला तेव्हा लख्ख आठवलं. मी म्हणालो, "घंटाभर झाला असंन, साहेब."

त्यांनी कागदावर लिहिलं. म्हणाले, "बरं केलंत, वेळ घालवला नाही. लोक दिवस दिवस बसून राहतात."

पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं. त्याला लंबर पंक्चर म्हणतात. पाणी स्वच्छ निघायला पाहिजे, लाल निघालं. डॉक्टर म्हणाले, "हे मायग्रेन नाही. ब्रेन हॅमरेज आहे, म्हणजे मेंदूजवळची रक्ताची नस फुटली आहे."

सोमवारी आमची मुलगी कुसुम उमरेडहून एसटीनं आली. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, येईल त्याला सांगायची, "बाबानं घंटाभरात आणलं म्हून आई हाय." वर्धेकडची एक बाई, तिचा नवरा आत होता, तिनं हे ऐकून आपल्यातली अर्धी भाकर मला दिली. "तुमच्यासारखा माणूस पाहिजे भाऊ," म्हणाली. ती भाकर मी हातातच धरून बसलो.

मंगळवारी डॉक्टरांना गाठून विचारलं, "साहेब, अजून लवकर आणलं असतं तं?"

ते म्हणाले, "अजून किती लवकर आणणार? लवकरच तर आणलंत."

म्हणजे मला जे पाहिजे होतं ते विचारायची वाटही मीच बंद करून बसलो होतो.

बुधवारी दुपारी सखू गेली. संध्याकाळी घाटावर नेलं. तिथंही चार माणसं म्हणाली, "तू आपल्याकडून कसर नाही ठेवली गा." नत्थू खाली पाहत उभा होता.

डोकं दुखणाऱ्या माणसाला दर वेळी एकच गोष्ट विचारा: रोजच्यासारखं आहे का? आणि तो नाही म्हणाला, तर हातातलं काम सोडा. ताणा वाळू द्या. वाळलेला ताणा जाळता येतो, दुसरा लावता येतो.

गुरुवारी सकाळी मी पायी धंतोलीला गेलो. डॉक्टर यायचे होते. ते आल्यावर, खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, "साहेब, घंटाभर नाही. पाच घंटे झाले होते. निराळं आहे म्हणाली होती ती. मी खोटं बोललो."

ते खुर्चीत बसले. मी विचारलं, "वाचली असती का?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "कदाचित हो, कदाचित नाही. पण हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं." तिचा कागद मागवला. 'एक' खोडून 'पाच' लिहिलं आणि बाजूला सही केली.

तिथून घरी आलो. कुसुम ओट्यावर बसली होती, भोवती गल्लीतल्या बाया. मी उभ्याउभ्याच, सगळ्यांदेखत, तिला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. हसलो होतो तेही सांगितलं.

ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेरच उभा राहिलो.