फुल्या आणि खोडरबर

बँकेत असताना कर्जाच्या कागदांवर मी पेन्सिलीने फुल्या मारायचो. "इथे सही करा, ताई." कुणी वाचायला लागलं, की घड्याळाकडे बघायचो. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात बायकांना तेच कागद वाचायला शिकवतो. सूड म्हणा हवं तर, निम्मा माझ्यावरच.

काल एक कर्जवाला एजंट तिथेच आला. त्याने धुणीभांडी करणाऱ्या शोभाताईंपुढे फुल्या मारलेला कागद सरकवला. ताईंनी पर्समधून खोडरबर काढलं, एकेक फुली सावकाश खोडली.

"आता पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा."

माझ्या जिवाला गार वाटलं. एजंटाने घड्याळाकडे पाहिलं. ती नजर माझीच होती.

"वाच," मी म्हणालो, "मागचं पानसुद्धा. आम्हाला आज कुठेही जायचं नाही."